कळफलकामागचा कारकून



काल याच व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावर ऐकलेत आणि उद्या पाण्याच्या प्रश्नावर ऐकणार आहात. या दोहोंच्या मध्ये संगणकाच्या कळफलकाचा विषय घेऊन उभे राहावयाचे म्हणजे पंगतीत वरणभात आणि जिलबी यांच्या मध्ये खिळे वाढावयास निघाल्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. तथापि व्यवस्थापकांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली आणि माझ्या मनात गेली तीसएक वर्षे एकच प्रसंग घर करून बसला आहे. तो आधी सांगतो.

१९९४ सालचा मार्च महिना. एका पतसंस्थेत मी त्या काळी हिशेबाच्या कामास जात असे. एका खोलीत युनिक्स पद्धतीवर चालणारे एक मोठे यंत्र आणि त्याला तारांनी जोडलेली पाच टर्मिनले, म्हणजे पडदा आणि कळफलक. वर्षअखेरीच्या नोंदी चालल्या होत्या. माझ्या शेजारी नुकतीच नोकरीस लागलेली एक मुलगी बसली होती. दुपारी तीनच्या सुमारास तिचा पडदा एकाएकी थिजला. ती कळा दाबीत होती, पण पडद्यावर काही उमटेना. वरिष्ठ आले, त्यांनीही चार कळा दाबून पाहिल्या आणि अखेर ‘बंद करून चालू करा’ हा रामबाण उपाय सांगितला. बंद केले ते मुख्य यंत्रच. पाचही जणांच्या अर्ध्या दिवसाच्या नोंदी गेल्या. त्या भरून काढावयास रात्रीचे अकरा वाजले, आणि ‘हिने मशीन बिघडवले’ हा शब्द त्या मुलीच्या माथी बसला तो कायमचा. एप्रिलमध्ये तिने दुसरे टेबल मागून घेतले.

यंत्र बिघडले नव्हते. तिच्या हातून ‘कंट्रोल’ आणि ‘एस’ या दोन कळा एकदम दाबल्या गेल्या होत्या, इतकेच. ‘कंट्रोल’ आणि ‘क्यू’ दाबले असते तर जेथे थांबले होते तेथून सारे पुढे सुरू झाले असते. हे मला कळले ते दोन वर्षांनी, आणि ते तिला सांगावयास ती तेथे राहिली नव्हती.

आता हे असे का असते? एखादी कळ दाबली असता सारे थिजावे अशी सोय कोणी शहाण्या माणसाने का करून ठेवावी? याचे उत्तर द्यावयाचे तर आपल्याला कागदाच्या काळात जावे लागते.

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील न्यू जर्सी संस्थानात, मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत झाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ही त्यातली मुख्य नावे. त्या काळी संगणकाशी बोलण्याचे साधन म्हणजे टेलिटाइप, आपल्या तारखात्यात असे त्या जातीचे दूरमुद्रक यंत्र. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी तारऑफिसात त्याची खडखड ऐकली असेल. आपल्याकडे तार ही सेवाच २०१३ साली बंद झाली, त्यामुळे मुलांना ती ठाऊक असण्याचे कारण नाही. टेलिटाइपचा ‘मॉडेल ३३’ हा नमुना १९६३ साली निघाला. त्यावर पडदा नव्हता. कागदाचे भेंडोळे होते. सेकंदाला दहा अक्षरे हा त्याचा वेग, आणि अक्षरे फक्त मोठ्या रोमन वळणाची. युनिक्सच्या आज्ञा दोन-दोन अक्षरांच्या, तोंडात पुटपुटल्यासारख्या का, याचे एक कारण ही संथ खडखड मानली जाते. आणि आजही युनिक्स टर्मिनलाला ‘टी-टी-वाय’ म्हणते, ते टेलिटाइपचेच लघुरूप आहे. यंत्र गेले, नाव राहिले. आपल्या गावात नाही का, पिंपळ तोडून तीस वर्षे झाली तरी थांबा ‘पिंपळापाशी’च असतो!

आता कागदावर उमटलेले अक्षर खोडावयाचे कसे? खोडता येत नाही. म्हणून बेल प्रयोगशाळेतील मंडळींनी एक संकेत ठरवला. चुकलेल्या अक्षरापुढे आडव्या-उभ्या रेघांचे जाळीचे चिन्ह टंकले की मागचे एक अक्षर रद्द समजावयाचे, आणि आज ईमेलच्या पत्त्यात जे वाटोळे ‘ॲट’ चिन्ह असते ते टंकले की सारी ओळच रद्द. कागदावर सगळे जसेच्या तसे दिसे, पण यंत्राने मनाशी दुरुस्ती केलेली असे. १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीपर्यंत हीच वहिवाट होती. तेव्हाच्या एखाद्या टर्मिनलावर आज आपण ईमेलचा पत्ता टंकू लागलो, तर चिन्ह येताच त्यापूर्वीचे नाव पुसले जाईल आणि नुसता मागचा भाग शिल्लक राहील.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. दुरुस्ती करणारा कोण? आपण ज्या प्रोग्रॅमशी बोलतो तो नव्हे. कळफलक आणि प्रोग्रॅम यांच्या मध्ये युनिक्सच्या गाभ्यात एक मध्यस्थ बसलेला असतो. त्याचे इंग्रजी नाव ‘लाइन डिसिप्लिन’. मी त्याला कारकून म्हणतो. मामलेदार कचेरीत अर्ज थेट साहेबांच्या हाती जात नाही. बाहेरचा कारकून तो घेतो, शाई पसरली असेल तर पुन्हा लिहावयास सांगतो, आणि पुरा झाला म्हणजेच आत नेतो. तसेच येथे आहे. आपण एकेक कळ दाबतो, कारकून ती आपल्या वहीत टिपतो. ‘एंटर’ दाबले की ओळ पुरी झाली असे समजून तो ती प्रोग्रॅमच्या हवाली करतो. तोपर्यंत आत बसलेल्या साहेबांना बाहेर काय चालले आहे याचा पत्ताही नसतो.

आणि गंमत अशी, की कळ दाबल्यावर पडद्यावर जे अक्षर दिसते तेही कळफलकाने उमटवलेले नसते. कारकुनाने ते घेतले आणि परत पडद्याकडे पाठवले, म्हणून ते दिसते. याला ‘एको’, म्हणजे प्रतिध्वनी म्हणतात. परवलीचा शब्द टंकताना पडद्यावर काहीच दिसत नाही, याचे कारण एवढेच की प्रोग्रॅमने कारकुनास तेवढ्यापुरते ‘मोठ्याने वाचू नकोस’ असे बजावलेले असते. अक्षरे पोहोचत असतात. कित्येक नवशिके येथे घाबरून तोच शब्द दोनदा टंकतात आणि मग दार उघडत नाही म्हणून पुन्हा घाबरतात.

कारकुनाला खुणा कळतात त्या ‘कंट्रोल’ कळेच्या. या कळेचे गणित फार सोपे आहे आणि ते कोणी शिकवीत नाही याचे मला आश्चर्य वाटते. १९६३ साली अमेरिकेत ‘आस्की’ नावाची संकेतावली ठरली. तिच्यात सात बिटांचे एकशे अठ्ठावीस संकेत, शून्यापासून १२७ पर्यंत. पहिले बत्तीस हे अक्षरांचे नव्हेत, तर यंत्राला द्यावयाच्या सूचनांचे: घंटा वाजव, ओळ पुढे सरकव, गाडा डावीकडे आण. मोठ्या रोमन ‘ए’चा संकेत ६५, ‘बी’चा ६६. ‘कंट्रोल’ दाबून अक्षर दाबले की त्यातून ६४ वजा होतात. म्हणून कंट्रोल-ए म्हणजे १, कंट्रोल-सी म्हणजे ३, कंट्रोल-एच म्हणजे ८, कंट्रोल-एम म्हणजे १३. पडद्यावर हे संकेत दाखवावयाचे तर छपराच्या आकाराचे एक चिन्ह आणि त्यापुढे ते अक्षर, असे लिहितात. हे छप्पर आपल्या हस्तलिखितांतल्या काकपदासारखे दिसते. तेथे ते राहिलेले अक्षर दाखवते, येथे दाबलेली कळ.

१२७ या अखेरच्या संकेताची कथा वेगळी आहे. टेलिटाइपला कागदी फीत जोडलेली असे आणि तीवर भोके पाडून मजकूर साठवीत. एकदा पाडलेले भोक बुजवता येत नाही, पण उरलेली भोके मात्र पाडता येतात. म्हणून चुकलेल्या जागी सातही भोके पाडावयाची आणि वाचताना अशी जागा वगळावयाची, असा संकेत ठरला. सातही बिटे एक म्हणजे १२७. चुकलेल्या अक्षरावर गिरवून गिरवून काळा ठिपका करणारी मुले आपण पाहतो. तोच हा प्रकार.

आणि येथेच पुढच्या पन्नास वर्षांच्या भांडणाचे मूळ आहे. पडदे आले. ‘बॅकस्पेस’ कळ दाबली की मागचे अक्षर जावे, हे सर्वांस मान्य. पण त्या कळेने कोणता संकेत पाठवावा? एक पक्ष म्हणाला, ८. कारण आठ म्हणजे ‘एक घर मागे सरक’. दुसरा पक्ष म्हणाला, १२७. कारण १२७ म्हणजे ‘खोड’. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या १९८३ सालच्या व्हीटी-२२० या टर्मिनलावर खोडण्याची कळ १२७ पाठवी, आणि लिनक्सने पुढे तीच वाट धरली. इतर पुष्कळांची बॅकस्पेस ८ पाठवीत राहिली. त्यातच इमॅक्स या लोकप्रिय लेखन-प्रोग्रॅमने कंट्रोल-एच, म्हणजे ८, हा संकेत ‘मदत’ मागण्यासाठी राखून ठेवला; मग ८ पाठवणाऱ्या कळफलकावर अक्षर खोडू गेले की मदतीची पाटी समोर उभी राहावयाची. दोन्ही पक्ष आपापल्या परीने बरोबर होते, आणि अशीच भांडणे सर्वांत जास्त टिकतात.

कळ एक संकेत पाठवते आणि कारकुनास दुसराच सांगून ठेवलेला असतो, तेव्हा काय होते? बॅकस्पेस दाबावी तो पडद्यावर छप्पर आणि एच, पुन्हा छप्पर आणि एच. अक्षर जात नाही ते नाहीच, उलट दोन वाढतात. दूरच्या यंत्राशी जोडून काम करणाऱ्यांच्या वाट्यास हे आजही येते. अशा वेळी कळफलक बदलू नये. कारकुनास सांगावे.

सांगावयाची आज्ञा चार रोमन अक्षरांची आहे: एस-टी-टी-वाय. ‘सेट टेलिटाइप’चे ते संक्षिप्त रूप. पहिली दोन अक्षरे पाहून कोणी महामंडळाच्या लाल गाडीची आठवण काढील, पण संबंध नाही. ही सहसा वेळेवर येते. या आज्ञेपुढे उणे-चिन्ह आणि ‘ए’ लिहिले की कारकुनास आजवर दिलेल्या सगळ्या सूचनांची यादी पडद्यावर येते. पहिल्यांदा पाहणाऱ्यास ती सातबाराच्या उताऱ्यासारखी भासते. तीत घाबरण्यासारखे काही नाही. ‘इरेज’ पुढे जो संकेत लिहिलेला असेल तो खोडण्याचा, ‘किल’ पुढचा सारी ओळ रद्द करण्याचा, ‘इंटर’ पुढचा चाललेला प्रोग्रॅम थांबवण्याचा. ज्या शब्दामागे उणे-चिन्ह आहे ती सोय बंद, ज्यामागे नाही ती चालू. बदल करावयाचा तर एस-टी-टी-वाय, मग इरेज, मग कंट्रोल-व्ही दाबून आपली बॅकस्पेस कळ, आणि एंटर. कंट्रोल-व्ही ही खूण मोठी उपयोगी आहे. ‘पुढची कळ काय असेल ती असो, तिचा अर्थ लावू नकोस, जशीच्या तशी टिपून घे’ असे ती कारकुनास सांगते. कोणती कळ काय पाठवते याचा संशय आला की आधी कंट्रोल-व्ही आणि मग ती कळ दाबून पाहावे. छपरापुढे एच दिसले तर ८, प्रश्नचिन्ह दिसले तर १२७. निदान आधी आणि औषध मागाहून, हा क्रम येथेही सोडू नये.

कंट्रोल-सी सर्वांस ठाऊक असते. चुकून नको ती आज्ञा दिली, फायलींमागून फायली पुसल्या जाऊ लागल्या, तर जे वाचवावयाचे ते ही एक कळ वाचवते. पण कंट्रोल-डीविषयी पुष्कळ जाणत्यांचाही गैरसमज असतो. तिने ‘मजकूर संपला’ असे चिन्ह प्रोग्रॅमकडे जाते असे ते समजतात. तसे काही जात नाही. कंट्रोल-डीचा कारकुनास अर्थ एवढाच की वहीत जेवढे आहे तेवढे आत्ताच्या आत्ता आत द्या, एंटरची वाट पाहू नका. ओळीच्या आरंभी ती दाबली तर वहीत काहीच नसते. कारकून रिकामे हात आत नेतो, आणि रिकामे हात पाहून प्रोग्रॅम समजतो की आता काही येणे नाही. ओळीच्या मध्ये दाबली तर अर्धी ओळ आत जाते आणि काम चालूच राहते. म्हणूनच तेथे ती दोनदा दाबावी लागते.

आता आपल्या मुळाच्या प्रसंगाकडे येऊ. कंट्रोल-एस म्हणजे १९, कंट्रोल-क्यू म्हणजे १७. टेलिटाइपवर हे दोन संकेत फीत वाचणारे यंत्र थांबवण्याचे व सुरू करण्याचे होते. पुढे पडद्याच्या टर्मिनलांवर मजकूर भराभर वर सरकू लागला, वाचणाऱ्यास तो थोपवावयाचा असे, तेव्हा तेच दोन संकेत ‘थांब’ आणि ‘चल’ म्हणून कामी आले. चांगली सोय होती. फक्त थांबल्यावर ‘मी थांबलो आहे’ असे सांगणारी एक ओळही पडद्यावर येत नसे, आणि आजही येत नाही. ही त्रुटी मला अक्षम्य वाटते. दार आतून लावून घेणाऱ्याने निदान ‘आत आहे’ एवढे तरी ओरडावे! आणखी वाईट म्हणजे थिजलेल्या पडद्यासमोर माणूस ज्या कळा दाबतो त्या कारकून निमूटपणे टिपून ठेवीत असतो. कंट्रोल-क्यू दाबताच त्या साऱ्या एकदम अंमलात येतात. तेव्हा पडदा थिजला असता चिडून हव्या त्या कळा बडवू नयेत. आधी कंट्रोल-क्यू. आज बहुतेकांस या सोयीची गरज उरलेली नाही. एस-टी-टी-वाय पुढे उणे-चिन्ह आणि ‘आय-एक्स-ऑन’ असे लिहिले की ती त्या टर्मिनलापुरती कायमची मिटते. त्या पतसंस्थेत ही एक ओळ कोणी आरंभीच लिहून ठेवली असती तर माझ्या आजच्या व्याख्यानास विषय उरला नसता, आणि ते बरे झाले असते.

काही प्रोग्रॅमांना मात्र कारकून नकोच असतो. लेखन-प्रोग्रॅम घ्या. त्यास प्रत्येक कळ दाबताक्षणी हवी, एंटरपर्यंत थांबून चालत नाही. तो आल्याबरोबर कारकुनास रजा देतो आणि जाताना पुन्हा बोलावतो. रजेवर असताना किती अक्षरे जमल्यावर आत द्यावयाची आणि एका सेकंदाच्या किती दशांशापर्यंत वाट पाहावयाची, एवढेच दोन आकडे पाळले जातात. यात एक खोच आहे. वर जाण्याच्या बाणाची कळ एक संकेत पाठवीत नाही, तीन पाठवते: एस्केप म्हणजे २७, मग चौकटी कंस, मग ‘ए’. तेव्हा २७ हाती आला की प्रोग्रॅमला प्रश्न पडतो: माणसाने एस्केप कळ दाबली, की बाणाची कळ येत आहे? तो क्षणभर थांबून पाहतो. एस्केप दाबल्यावर काही वेळा जो किंचित उशीर जाणवतो, तो हा. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास व्ही-आय हा लेखन-प्रोग्रॅम ज्या एडीएम-३ए टर्मिनलावर रचला, त्यावर बाणांच्या वेगळ्या कळाच नव्हत्या; बाण एच, जे, के, एल या अक्षरांच्या कळांवर छापलेले होते. म्हणून त्या प्रोग्रॅमात आजही याच चार कळांनी हिंडावयाचे.

असा प्रोग्रॅम मध्येच कोसळला तर कारकून रजेवरच राहतो. मग टंकलेले दिसत नाही, एंटर दाबले तर छप्पर आणि एम उमटते. खिडकी बंद करून टाकणारे पुष्कळ. त्यांना एक तोडगा सांगतो: एंटरऐवजी कंट्रोल-जे दाबावे, मग न दिसता का होईना एस-टी-टी-वाय, जागा, ‘सेन’ असे टंकावे, आणि पुन्हा कंट्रोल-जे. ‘सेन’ म्हणजे शुद्धीवर असलेला. यंत्राला शुद्धीवर येण्याची आज्ञा देण्याची सोय ज्यांनी केली त्यांच्या विनोदबुद्धीस माझा नमस्कार.

या सूचना टर्मिनल बंद होताच विसरल्या जातात. म्हणून त्या आपल्या घरच्या आरंभ-फायलीत, म्हणजे प्रवेश करताच जी आपोआप वाचली जाते तीत, लिहाव्यात. मात्र तीच फाइल कधीकधी टर्मिनल नसतानाही वाचली जाते, आणि तेव्हा एस-टी-टी-वाय तक्रार करते की माझ्यासमोर कोणी बसलेलेच नाही. तेव्हा समोर टर्मिनल आहे याची खात्री करूनच ही आज्ञा चालावी, अशी अट आधी घालावी.

आता अखेरचा आणि आपल्या घरचा मुद्दा. आस्कीत सातच बिटे, त्यात देवनागरीस जागा कोठून असणार? १९९२ च्या सप्टेंबरात केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतील एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर, ‘यूटीएफ-८’ ही संकेतरचना आखली. आज आपले मराठी तीतूनच चालते. तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे, आणि काना, मात्रा, उकार, हलन्त ही सारी स्वतंत्र चिन्हे. जुन्या कारकुनास हे ठाऊक नव्हते. तो खोडताना एकच बाइट काढी आणि मागे दोन बाइटांचे मोडके अक्षर ठेवी. २००४ साली लिनक्सच्या गाभ्यात ‘आय-यूटीएफ-८’ नावाची खूण आली. ती चालू असली की कारकून पुरे चिन्ह खोडतो. यादीत या शब्दामागे उणे-चिन्ह दिसले तर ते काढून टाकावे, हे मराठीत लिहिणाऱ्याने सर्वांआधी पाहावयाचे.

तरीही पुरते भागत नाही. कारकून रोमन वळणात वाढला. एक चिन्ह खोडले की पडद्यावर एक घर मागे, असे तो धरून चालतो. ‘गुरु’ हा शब्द घ्या. चिन्हे चार: ग, उकार, र, उकार. पडद्यावर घरे मात्र दोनच, कारण उकार अक्षराच्या पोटात बसतो. दोनदा बॅकस्पेस दाबली की पडदा रिकामा दिसतो, पण वहीत ‘गु’ अजून शिल्लक असते. माणूस समजतो खोडले, एंटर दाबतो, आत ‘गु’ जाते. आणि तिसऱ्यांदा दाबले तर पडद्यावरचे त्याआधीचे अक्षर नाहक पुसले जाते. आज्ञा घेणारे नवे प्रोग्रॅम कारकुनास रजा देऊन अक्षरांची रुंदी स्वतः मोजतात, त्यामुळे तेथे हा घोटाळा पुष्कळ कमी. पण साधा प्रोग्रॅम नाव-गाव विचारतो, आणि उत्तर देणारा मराठीत टंकतो, तेव्हा तो आजही होतो. अशा जागी चूक झाली तर एकेक अक्षर खोडीत बसू नये. कंट्रोल-यू दाबून सारी ओळ रद्द करावी. पडदा काहीही दाखवो, वही कोरी झालेली असते. मग नाव पहिल्यापासून लिहावे.